एकाच ताग्यातले दोन फ्रॉक

“पोरांना तुला काहीही म्हणू दे, फक्त आई म्हणू देऊ नकोस.” किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवताना थोरल्या बाई म्हणाल्या होत्या. “काकू म्हणोत, मावशी म्हणोत, अगदी ‘ए म्हातारे’ म्हणाले तरी ओ दे. पण आई नको.”

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या आधी थोरल्या बाईंनी अर्धं आयुष्य हे अनाथालय चालवलं होतं. लग्न नाही, मूल नाही. मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली, आणि कडेवर माझी स्वतःची लेक. मनात म्हटलं, म्हातारीला त्या शब्दाची सवय नाही, म्हणून धास्ती. का नको, एवढंसुद्धा विचारलं नाही. त्या गाडीत बसून गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत घरातली सगळी पोरं मला आई म्हणायला लागली. कोणी शिकवलं नाही. माझी मुलगी म्हणत होती, ते ऐकून बाकीची म्हणाली.

आमचं घर म्हणजे लांबलचक बैठी इमारत. एका टोकाला नवऱ्याचा दवाखाना, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, मध्ये पोरांची मोठी खोली. नवरा फार्मसी शिकला आणि मग मिशनच्या कामात आला, त्यामुळे खोकल्याचं औषध आणि प्रार्थना दोन्ही तो एकाच खिडकीतून देतो. सकाळी ओट्यावर रांग लागते. खरूज, ताप, पायात गेलेली काच. शिवाय ज्यांना काहीच झालेलं नाही, पण दुपारचा पाव-रस्सा मिळेपर्यंत सावलीत बसायचंय, असे. माझ्या वाट्याला पोरं. शनिवारी नखं, रविवारी उपासनेआधी उवा, आणि रोज कोणाची ना कोणाची चादर उकळत्या पाण्यात.

स्वयंपाकीणबाईंना पोरं आत्या म्हणतात. मी सगळ्यांची आई आणि ती सगळ्यांची आत्या, म्हणजे नात्याने ती माझी नणंद झाली. हे नातं तिने मनापासून घेतलंय. “वहिनी, चादर पिळलीत की नुसती आंघोळ घातलीत तिला?” असं ती रोज एकदा तरी विचारते.

नवऱ्याचा एक नियम होता. ‘आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे या घरात चालणार नाही. आमच्या मुलीला वेगळं ताट नाही, वेगळं खेळणं नाही, वेगळी खोली नाही. ती मोठ्या खोलीतच झोपणार, मुलींच्या ओळीत. कपडे एकाच ताग्यातून कापायचे. मला हे पटलं होतं. अजूनही पटतं, असं वाटतं. खरं सांगायचं तर आता काय पटतं हे मला सकाळी एक वाटतं आणि दुपारी दुसरं.

कपडे सारखे, म्हणून ओळखायला खुणा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अक्षरांचा काय उपयोग? म्हणून मी प्रत्येकाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एक चित्र भरते: छत्री, किल्ली, मासा, किटली. त्याच खुणेने पोरं एकमेकांना हाका मारतात. माझ्या मुलीची खूण भिंगरी, कारण ती एका जागी ठरत नाही. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीची खूण बटण, कारण ती आली तेव्हा तिच्या मुठीत एक मोठं निळं बटण होतं आणि दूध प्यायलासुद्धा ती मूठ उघडेना. माझं भरतकाम यथातथाच आहे. बटणाची चार भोकं काढायची होती, त्यातलं एक दोऱ्याने बुजलंच.

बटण भिंगरीपेक्षा वर्षाने मोठी, पण चणीने लहान, त्यामुळे दोघी एकाच उंचीच्या; पाय तेवढे बटणचे मोठे. डावखुरी. बोलणं मोजकं. भिंगरीने बडबडायचं आणि बटणने मान हलवायची, असा दोघींचा संसार.

आमच्याकडून पोरं जातात, हे सांगायला हवं. कोणाचा मामा सापडतो, कोणाची आजी, कोणाला मूल नसलेलं जोडपं नेतं. कागदपत्रं सरकारी कार्यालय बघतं. जाण्याच्या दिवशी त्या पोराला नवा कपडा मिळतो आणि सामानाला एक कापडी पिशवी. पिशवीचं तोंड बांधायला नेकटाय. याचं कारण असं की परदेशातून देणगीच्या खोक्यांत जे येतं ते देणाऱ्याच्या मर्जीने येतं, आणि एका वर्षी कोण्या उदार माणसाने नुसते नेकटायच पाठवले होते. आमच्या पोरांच्या विजारींच्या नाड्यासुद्धा रेशमी आहेत.

त्यामुळे पोरांचा आवडता खेळ ‘न्यायला आले’. एकाने बाकावर पिशवी घेऊन बसायचं, दुसऱ्याने दार ठोठावून “आमची मुलगी इथे आहे का हो?” म्हणायचं, आणि मग दोघांनी गळ्यात पडायचं. बाकावर बसायला भिंगरीचा नंबर सारखा लागायचा. तिच्याइतकं छान रडत गळ्यात कोणालाच पडता येत नसे. मी चादरी वाळत घालताना ते बघायची आणि हसायची. पोरीला नाटकाचं अंग आहे, म्हणायची.

मग कार्यालयातून कळलं की बटणची मावशी सापडली आहे. आईची सख्खी धाकटी बहीण, एका धुलाई कारखान्यात कामाला. तिने मुलीला शेवटचं पाहिलं तेव्हा मूल पाळण्यात होतं. मधल्या काळात बहीण वारली, घर मोडलं, हिला कळलंच नाही, की कळून जमलं नाही, ते कागदात नव्हतं. कागद मात्र चोख होते. नवऱ्याने दोनदा वाचले, मी तीनदा.

“तुझ्या कपाळावर आठ्या का?” त्याने विचारलं.

“कागदाला डोळे असतात का रे?”

“म्हणून तर जेवण आहे ना,” तो म्हणाला.

जेवण ही थोरल्या बाईंची पद्धत. न्यायला येणाऱ्याने निघण्यापूर्वी पोराबरोबर इथे, आमच्या टेबलावर, एक वेळ जेवायचं. कागद कार्यालयाने बघावेत, आपण ताट बघावं, असं त्या म्हणायच्या. माणूस मुलाला वाढताना, भरवताना, सांडलं की रागावताना दिसतो. एकदा म्हणे एक काका आले, मुलाच्या ताटातलं अंडं बोलता बोलता स्वतः खाऊन मोकळे झाले. थोरल्या बाईंनी त्यांना हात धुवायला पाणी दिलं आणि एकट्याला परत पाठवलं. त्यामुळे मनात पाल चुकचुकत होती तरी मी स्वतःला समजावलं: जेवण आहे. जेवताना कळेल. बटणला परक्या हातात द्यायचं की आपल्या माणसाच्या, हे त्या टेबलावर ठरणार होतं, आणि बघायला मीच असणार होते.

त्या सकाळी मी दोघींना न्हाऊ घातलं. निळ्या चौकड्यांचा तागा नुकताच आला होता, त्यातला नवा फ्रॉक बटणला घातला, आणि भिंगरीने भोकाड पसरलं म्हणून तिलाही. त्याच चौकडीचा, त्याच मापाचा. बटणची पिशवी भरून तिला तांबड्या पट्ट्यांचा नेकटाय बांधला.

“आता तुला मावशीच्या घरी राहायचं,” मी तिच्या वेण्या घालताना म्हटलं.

तिने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही.

मावशी सांगितल्यापेक्षा लवकर आली. मी स्वयंपाकघरात ताटात तांब्या-पेला ठेवत होते. बाहेरच्या खोलीत आवाज आला म्हणून ताट हातात घेऊन गेले आणि दारातच थांबले.

बाकावर भिंगरी बसली होती. मांडीवर बटणची पिशवी. समोर एक तिशीची बाई गुडघे टेकून बसली होती. भाजून निघाल्यासारखे लाल हात, बोटांना भेगा. तिने आणलेल्या खोक्यातले नवे बूट ती भिंगरीच्या पायांत चढवत होती. बूट बरोब्बर बसले. बाई रडायला लागली.

“ताईचेच डोळे गं,” ती म्हणाली. “बघता क्षणी ओळखलं मी. ताईचेच डोळे!”

भिंगरीने तिच्या गळ्यात हात टाकले. “आलीस?” ती म्हणाली. “मी किती वाट बघत होते.”

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का बोलली नाहीस? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय. मला हसूही येत होतं. खेळ चाललाय आणि त्यात एक मोठं माणूस चुकून शिरलंय, असं काहीतरी. आणि दुसरीकडे माझ्या मुलीचे डोळे माझ्या सासूबाईंसारखे आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तांब्यातलं पाणी सांडलं तेव्हा मला वाचा फुटली.

“अहो, ती नाही. ती माझी.”

बाईने वळून पाहिलं. भिंगरीने हात सोडले नाहीत.

“खोटं बोलते ही,” भिंगरी मावशीला समजावू लागली. “हिच्या सगळ्याच आहेत. हिला सगळेच आई म्हणतात.”

“अगं वेडाबाई, तू माझी आहेस. माझ्या पोटची.”

“बटणला पण तू हेच म्हणतेस. माझी बाय ती, माझी बाय.” मग तिने अगदी शांतपणे, शाळेत उत्तर द्यावं तसं विचारलं, “माझी न्यायला येणारी कधी येणार मग?”

मी जिला जन्म दिला ती पोर बाकावर बसून आईची वाट बघत होती, आणि मी चादरी वाळत घालताना त्याला नाटक समजत होते. त्या क्षणी हे सगळं एवढं स्पष्ट कळलं असं नाही. मी फक्त सांडलेलं पाणी पदराने पुसायला लागले.

मावशीने भिंगरीचे हात गळ्यातून हळूच सोडवले. चेहरा लाल झाला होता. “मग... आमची कोणती?”

‘आमची’ म्हणजे बटण दाराआड उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मावशीने कागदावरच्या नावाने हाक मारली, पण बटणने मान वर केली नाही. तिला ते नाव कोणी हाक म्हणून ऐकवलंच नव्हतं. मग मीच “बटण, ये” म्हटलं, तेव्हा ती आली.

मावशीने तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, हो, हेच ताईचे डोळे. ती ते म्हणाली नाही. “उंच झाली,” एवढंच म्हणाली, आणि भिंगरीच्या पायांतले बूट काढून खोक्यात ठेवले, कारण ते हिला लहान होते हे न घालताच दिसत होतं.

जेवायला मावशीला आणि बटणला टेबलाशी बसवलं. वाढायच्या खिडकीमागे मी आणि आत्या. भिंगरी माझ्या कमरेला बिलगून, बूट काढून घेतले म्हणून मुसमुसत.

“बाई चांगली आहे,” आत्या कुजबुजली. “बघा, पावाची करपलेली कड स्वतः घेतली, मऊ भाग पोरीला दिला.”

तेवढ्यात बटणने डाव्या हाताने चमचा उचलला. मावशीने तो हातातून काढून उजव्या हातात दिला. जोरात नाही. पण हळूही नाही.

“शिस्तीची आहे,” आत्या म्हणाली.

“मारकुटी असेल का?”

“वहिनी, तुम्ही परवाच किटलीच्या पाठीत धपाटा घातलात. मग तुम्ही कोण?”

मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, आणि जे दिसत होतं त्याचे दोन-दोन अर्थ होत होते. मावशीने स्वतःचा बटाटा बटणच्या ताटात घातला: माया, की तिला आवडत नव्हता? बटणने पाण्याचा पेला मावशीकडे सरकवला: लळा, की धाक? मावशी एकदा हसली आणि बटणही हसली, पण नेमकं तेव्हाच भिंगरीने माझा पदर ओढून विचारलं, “मी पण डाव्या हाताने खाल्लं तर मला नेतील?” आणि मी खाली वाकले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा जेवण संपलं होतं. बटण दोघींची ताटं घेऊन मोरीकडे निघाली होती. आमच्याकडे ज्याने त्याने आपलं ताट धुवायचं असतं. दुसऱ्याचं नाही. मावशीचं ताट तिला धुवायला सांगितलं होतं, की तिने आपण होऊन उचललं? मी वाकले होते. आत्याला विचारलं, तर ती रस्सा ढवळत होती.

मी दवाखान्यात धावले. नवरा एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होता, हाताला स्पिरिटचा वास.

“तिने भिंगरीला ओळखलं. म्हणजे चुकीचं ओळखलं. ताईचे डोळे म्हणाली!”

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पाळण्यातलं मूल तिने पाहिलेलं. बाकावर पिशवी घेऊन एकच मुलगी. तिच्या जागी मी असतो तरी चुकलो असतो.”

“पण नंतर बटणला बघून काहीच बोलली नाही.”

“एकदा तोंडघशी पडल्यावर माणूस पुन्हा तेच वाक्य कसं म्हणेल? लाजली असेल.”

“आणि डोळे खरंच दिसले नसतील तर?”

“तर मग ती काय करायला आलीय? परकं पोर सांभाळायला एवढ्या लांबून कोण येतं?”

म्हातारा मध्येच म्हणाला, “कामाला लावायला येतात की.” मग आपणच, “नाही, पण पोटची नसून जीव लावणारेही बघितलेत मी. तुम्हीच बघा.”

नवरा म्हणाला, प्रार्थना करू. मी म्हटलं करू, पण आधी ठरवू. तो म्हणाला, ठरवण्यासाठीच करायची ना. आम्ही तिथेच, बोळे आणि बाटल्यांच्या मध्ये, डोळे मिटून उभे राहिलो. प्रभूला मी काय मागितलं ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मिटलेल्या डोळ्यांसमोर भिंगरीचे हात त्या बाईच्या गळ्यात होते आणि मला ती बाई माझ्या घरातून जायला हवी होती. लवकर. या इच्छेला मी देवाचं उत्तर समजले का? मला खरोखर माहीत नाही.

“पुन्हा एकदा भेटायला या, मग न्या” असं आम्हाला म्हणता आलं असतं. तसं मी मावशीला सुचवूनही पाहिलं.

“बाई, एक रजा मिळवायला मी मुकादमाच्या किती पाया पडले,” ती म्हणाली. “दुसरी नाही मिळायची. माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांगा. मघाशी चुकले मी, कबूल. पण तुम्ही दोघींना एकाच ताग्यातलं घालून ठेवता आणि मला ओळखायला सांगता, हे काय बरोबर आहे का?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. किंवा बरोबर वाटावं असं ती बोलली.

मी बटणला ओट्याच्या पायरीवर घेऊन बसले. थोरल्या बाई म्हणायच्या, शेवटी पोराला विचारावं. मी विचारलं, “तुला जायचंय का गं?”

ती नखाने पायरीवरचा चुना खरवडत राहिली. मग म्हणाली, “तू सांग.”

“तुला काय वाटतं ते विचारतेय.”

“पण तू आई आहेस ना?” ती म्हणाली. “तू जा म्हणतेस का?”

तेव्हा मला कळलं, थोरल्या बाई का नको म्हणाल्या होत्या. काकूने जा म्हटलं तर पोर एका घरातून दुसऱ्या घरात जातं. आईने जा म्हटलं तर ते कुठे जातं? आणि राहा म्हणावं, तर राहा कशाच्या जोरावर? एका बाईला डोळे ओळखता आले नाहीत, म्हणून तिची भाची ठेवून घ्यायची? कागद खरे, करपलेली कड खरी, रडणं खरं. चमचा खरा. ताट अर्धवट बघितलेलं.

“जा,” मी म्हटलं. “मावशी तुझी आहे.”

तिने मान हलवली. पिशवी घेतली. जाताना रडली नाही, गळ्यात पडली नाही. तो खेळ भिंगरीचा. फाटकाशी मावशीने तिचा हात धरला आणि तो डावा होता, एवढं मी बघून घेतलं. निळं बटण तिने भिंगरीच्या उशीखाली ठेवलं होतं, ते दुपारी अंथरुणं झटकताना सापडलं.

त्यानंतर भिंगरी शहाणी झाली. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. बडबड थांबली. न सांगता ताट धुते, स्वतःचं आणि शेजारच्याचंही. पडली तर उठून आधी माझ्याकडे बघते, मी रागावलेय का ते. ‘न्यायला आले’ खेळायला बोलावलं तर जात नाही. एकदा मी चादरी पिळत होते तर दुसऱ्या टोकाला येऊन उभी राहिली, चादर धरली, आणि म्हणाली, “मी शहाणी आहे ना? मग मला जा म्हणू नकोस.”

मी तिला उचलून आमच्या खोलीत नेलं, आणि तेव्हापासून ती आमच्याजवळ झोपते. आता मोठ्या खोलीच्या दारात मासा आणि छत्री उभे राहून बघतात की ती का आणि आम्ही का नाही. नवरा म्हणतो, “त्यांना काय सांगायचं?” मी म्हणते, खरं सांगू. तो म्हणतो, “कोणतं?” चिडून नाही, त्यालाही खरंच हवं असतं उत्तर.

थोरल्या बाईंना फोन केला. त्या आता भाचीकडे असतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता बोलणार, मी सांगितलं होतं.

“मला काकू म्हणायचे,” त्या म्हणाल्या. “जा म्हणायला सोपं जायचं. पण आजारात पोरं कण्हताना आई गं म्हणायची, तेव्हा त्यांना ओ द्यायला कोणी नसायचं. मीसुद्धा नाही. तुझं बरोबर की माझं, ते वर गेल्यावर विचारू. तोवर त्या मुलीला बघून या.”

बघून यायचंच होतं. पोर गेलं की महिन्याभरात एक फेरी मारायची ही आमची रीतच आहे. नवरा गेला. पत्ता बरोबर निघाला, पण खोलीला कुलूप. धुलाई कारखाना दुसऱ्या गावी हलला आणि कामगार त्याबरोबर गेले, असं शेजारणीने सांगितलं. अशा कामांत असं होतंच. कारखाना कुठल्या गावी गेला, ते तिला ठाऊक नव्हतं.

“मुलगी बरोबर होती का?” नवऱ्याने विचारलं.

“होती की. पायात नवे बूट होते.”

“तिच्या मापाचे?”

“आता माप मी कुठे घेऊ? चालत होती.”

“रडत होती का?”

“हसत होती की रडत होती, कोण बघतंय? मी पाणी भरत होते.”

नवरा आनंदाने घरी आला. नवे बूट, म्हणाला, म्हणजे मावशीने पुन्हा जाऊन मापाचे घेतले. आत्या म्हणाली, नाहीतर तेच लहान घातले असतील कोंबून, मला तर तेव्हाच त्या बाईचं लक्षण ठीक दिसलं नव्हतं. मी तिला करपलेल्या कडेची आठवण करून दिली. “ते वेगळं,” आत्या म्हणाली. कार्यालयाने चौकशी करतो असं कळवलं आहे. ते करतीलही. त्यांच्या टेबलावर अशी किती पोरं असतील.

मी रोज नवे बूट मनात घालते आणि काढते. कधी ते मापाचे होतात, कधी चावतात.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही जिथे असाल तिथे, एखादी धुलाईची जागा असेल, वाफ येणारी, लाल हातांच्या बायका बाहेर बसून पाव खातात अशी, तर तिथे जरा थांबा. निळ्या चौकड्यांचा फ्रॉक असेल, आता विटला असेल. कॉलर उलटी करून पाहिलीत तर आत एक बटण भरलेलं दिसेल, वेडंवाकडं, तीनच भोकांचं. पिशवीला तांबड्या पट्ट्यांचा नेकटाय. तिला कागदावरच्या नावाने हाक मारू नका, वळायची नाही. बटण म्हणा.

वळली तर आधी पायांकडे बघा. मग जेवलीस का विचारा, आणि जमलं तर ती जेवताना थोडं बसा, कोण कोणाला वाढतंय ते नीट बघा. मध्येच खाली वाकू नका. कोणी पाठवलं असं तिने विचारलं, तर काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आईने म्हणू नका बहुतेक. किंवा म्हणा. तिच्याकडे बघून तुम्हाला जे योग्य वाटेल ते म्हणा, पण एकदा बघून या.